टर्बो इंजिनसाठी हेड गॅस्केट आणि स्टड: प्रकार आधी ठरवा, जाडी शेवटी

इंजिन टर्बो करायचं ठरलं की बहुतेकांची पहिली खरेदी असते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. बाहेरून मागवतात, डबा फोडून फोटो काढतात आणि मग ब्लॉक मशीनवर चढतो. फेसिंग (चेहरा मशीनवर सपाट करणं) झाल्यावर कळतं की जाडी चुकली, किंवा बोअर (सिलिंडरचा व्यास) अर्धा मिलिमीटर मोठा करावा लागल्यामुळे गॅस्केटची कडा थेट सिलिंडरमध्ये डोकावतेय. पैसे गेले ते गेलेच. त्यातून मुंबईत गाडी दोन महिने उघडी पडली की सोसायटीतली पार्किंगची भांडणं वेगळी.

या कामाला एक क्रम आहे. गॅस्केटचा प्रकार आणि स्टड (हेड ब्लॉकला आवळून धरणारे, बोल्टऐवजी वापरायचे आटेदार दांडे) सुरुवातीला ठरतात, कारण मशीनवाल्याचं काम त्यावर अवलंबून असतं. गॅस्केटची जाडी मात्र मशीनिंग संपल्यावर, पुन्हा मापं घेऊन ठरते. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. उदाहरणांसाठी मी ऑक्टाव्हियाचं १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन धरलं आहे: बोअर ८१ मिमी, स्ट्रोक ८६.४ मिमी, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तुमचं इंजिन वेगळं असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

सुरुवातीलाच एक गोष्ट. नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. गाडी ट्रॅकसाठी आहे की रोजच्या रस्त्यासाठी, हे आधी स्वतःशी ठरवा.

टप्पा १: जुनं गॅस्केट का उडालं ते आधी वाचा

इंजिन नवं बांधत असाल तर हा टप्पा सोडा. पण गॅस्केट एकदा उडालं म्हणून दुसरं ‘भारी’ घ्यायला निघाला असाल, तर जुनं पॅकिंग भंगारात टाकू नका. ते पुसून उजेडात धरा.

सिलिंडरभोवतीची कडी एका जागी बाहेर ढकललेली असेल आणि तिथून काजळीचा काळा पट्टा पाण्याच्या भोकापर्यंत गेला असेल, तर हेड उचललं गेलंय. म्हणजे एकतर पकड कमी पडली, नाहीतर दाब प्रमाणाबाहेर गेला. कडी वितळल्यासारखी, कुरतडलेली दिसत असेल आणि पिस्टनच्या कडेला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर तो नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी धडाक्याने पेटण्याचा, मार आहे. अशा वेळी स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे किंवा चकाकणारे ठिपकेही सापडतात. पाण्याच्या भोकांभोवतीच धातू खाल्ला गेला असेल आणि सिलिंडरची कडी शाबूत असेल, तर दोष कूलंटचा. वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरिंगचं पाणी ओतलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं.

इशारा: कारण नॉकिंग असेल तर स्टड आणि महागडं गॅस्केट घालून ते बरं होत नाही. पूर्वी गॅस्केट उडून इंजिन वाचायचं, आता गॅस्केट टिकेल आणि पिस्टन फुटेल. इग्निशन टायमिंग आणि इंधनाचं मिश्रण दुरुस्त करून घ्या, तोवर पुढे जाऊ नका.

हेड उतरवताना इंजिन पूर्ण थंड हवं. बोल्ट सैल करायचे ते बाहेरून आत, टप्प्याटप्प्याने. गरम इंजिनवर मधला बोल्ट आधी सोडला की हेड वाकतं, आणि मग त्याचा दोष गॅस्केटच्या माथी मारला जातो.

टप्पा २: पकड किती लागणार याचा कच्चा हिशेब

८१ मिमी बोअरचं क्षेत्रफळ साधारण ५१.५ चौरस सेंटिमीटर. बऱ्यापैकी बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब) असलेल्या पेट्रोल इंजिनात जळताना सर्वोच्च दाब ११० बार धरू. म्हणजे एक सिलिंडर हेडला सुमारे ५७ किलोन्यूटनने, आपल्या भाषेत जवळजवळ ५.८ टनांनी, वर ढकलतो. आणि हे प्रत्येक स्फोटाला.

आता उलट बाजू. चार सिलिंडरला दहा बोल्ट, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला अडीच. १० मिमीचा कंपनीचा नवा बोल्ट समजा ४५ किलोन्यूटनने ओढून धरतो. अडीच बोल्टांची पकड झाली ११२. ढकलण्याच्या जवळपास दुप्पट. चांगल्या मिश्रधातूचा १० मिमीचा स्टड त्याच्या यील्डच्या (ज्या ताणानंतर धातू कायमचा लांबतो त्याच्या) पाऊण हिश्शापर्यंत ताणला तर साधारण ५५ किलोन्यूटन देतो. अडीच स्टडांचे झाले १३७.

आकडे ढोबळ आहेत, पण दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे कंपनीचे बोल्ट काही टाकाऊ नसतात. मूळ टर्बो इंजिनात बूस्ट थोडाच वाढवणार असाल, तर कंपनीचं नवं गॅस्केट आणि कंपनीचेच नवे बोल्ट पुरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचलेले पैसे इंटरकूलर आणि ट्यूनिंगवर घाला. दुसरी गोष्ट, पकडीतला थोडा भाग पाणी-तेलाच्या भोकांभोवतीच्या कड्या दाबण्यातच खर्ची पडतो. नॉकिंगचा दाब तर क्षणात कुठल्या कुठे जातो. म्हणून नैसर्गिक श्वासाच्या, म्हणजे मुळात टर्बो नसलेल्या, इंजिनावर टर्बो चढवताना स्टडचा विचार करावाच लागतो.

जास्त पकड म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. गरजेपेक्षा जास्त ओढलं की बोअर वाकडे होतात, वॉशर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये रुततो, नाहीतर ब्लॉकचे आटेच वर येतात.

टप्पा ३: मापं घ्या, आणि स्वतः घ्या

लागणारं सामान: अचूक सरळ पट्टी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती), डेप्थ मायक्रोमीटर किंवा निदान चांगला व्हर्नियर, बोअर गेज. नागदेवी स्ट्रीटवर हे सगळं एका फेरीत मिळतं. सरळ पट्टी मात्र शाळेच्या पट्टीसारखी पाचपन्नास रुपयांची घेऊ नका. ती स्वतःच वाकडी असेल तर पुढचं सगळं माप वाकडं.

हेड आणि ब्लॉक दोन्हीचा चेहरा, म्हणजे एकमेकांवर बसणारा सपाट पृष्ठभाग, सहा दिशांनी तपासा: दोन लांब कडा, दोन आडव्या, दोन कर्ण. चार सिलिंडरच्या इंजिनात संपूर्ण लांबीला ०.०५ मिमीची पात पट्टीखाली सरकत असेल, तर धातूच्या थरांच्या गॅस्केटसाठी तो चेहरा नापास. एका बोअरच्या आजूबाजूला तर ०.०३ सुद्धा जास्तच.

मग बोल्टची भोकं. व्यास मोजा, आट्यांचं अंतर मोजा, खोली मोजा, प्रत्येकाची. ‘या इंजिनाला १० मिमीच लागतात’ असं ऐकून स्टड मागवू नका. याच १.८ च्या कुटुंबातल्या सुरुवातीच्या काही इंजिनांत ११ मिमीचे बोल्ट होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा भंगारातून आणलेल्या इंजिनाच्या पोटात काय आहे, ते पाटीवर लिहिलेलं नसतं. कुठल्या भोकात आधीच कोणी आटे बदलणारी स्प्रिंग बसवली असेल, तर तेही आत्ताच दिसू दे.

कुठली भोकं तळाला बंद आहेत आणि कुठली पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात, याचा नकाशा कागदावर काढा. तो पुढे लागणार आहे.

तपासणी: हेड मशीनवर देण्याआधी त्याची दाबाखाली चिरांची तपासणी झालीय का? दोन व्हॉल्व्हच्या मधली चीर नुसत्या डोळ्याला दिसत नाही. चिरलेल्या हेडला फेस मारून आणणं म्हणजे फुटक्या माठाला रंग देणं.

टप्पा ४: गॅस्केटचा प्रकार

दुकानात आणि चर्चेत तीन प्रकार येतात.

ग्राफाइटचं किंवा तत्सम मिश्र पॅकिंग, सिलिंडरभोवती धातूची कडी असलेलं. हे खडबडीत चेहऱ्याला माफ करतं, म्हणूनच गल्लीतल्या गॅरेजांना आवडतं. कमी बूस्टला चालतं. दाब वाढला की मऊ भाग हळूहळू सरकतो.

तांब्याचं. पूर्ण ताकदीने वापरायचं तर ब्लॉकमध्ये किंवा हेडमध्ये खोबणी करून तारेची रिंग बसवावी लागते, आणि पाणी-तेलाच्या भोकांना सीलंट लावावं लागतं. ड्रॅगच्या गाडीला ठीक. सोमवारी सकाळी बोरिवलीहून अंधेरीला जायच्या गाडीत हे घालणाऱ्याला मी समजावण्याच्या भानगडीत पडत नाही.

तिसरं पोलादी थरांचं, ज्याला सगळे एमएलएस म्हणतात. तीन ते पाच पातळ पोलादी पत्रे असतात. वरच्या-खालच्या पत्र्यांवर सिलिंडरभोवती उठावदार कडी दाबलेली असते आणि त्यावर रबरासारखा पातळ लेप असतो. ती कडी स्प्रिंगसारखी काम करते. दाबाने हेड किंचित उचललं तरी ती मागोमाग उठून फट भरते. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियमचं हेड बिडाच्या ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणजे दर गरम-थंडीला दोन्ही चेहरे गॅस्केटवर घासत सरकतात. थर असल्यामुळे हे सरकणं ते सोसतं. टर्बो इंजिनाला, रस्त्यावरच्याही आणि ट्रॅकवरच्याही, दहापैकी नऊ वेळा उत्तर हेच.

याची एकच अट आहे, आणि लोक नेमके तिथेच आपटतात. चेहरा आरशाइतका नाही, पण खरोखर गुळगुळीत हवा. तो कसा मिळवायचा ते टप्पा ६ मध्ये.

टप्पा ५: स्टड, आणि ते मशीनिंगच्या आधी का घ्यायचे

आधी बोल्ट आणि स्टडमधला फरक. बोल्ट आवळताना तो फिरतही असतो आणि ताणलाही जातो. पीळ आणि ताण दोन्ही एकाच वेळी, शिवाय ब्लॉकचे आटे घासले जातात ते वेगळं. स्टड ब्लॉकमध्ये स्थिर बसतो, फिरतो फक्त वरचा नट, तोही बारीक आट्यांवर. त्यामुळे ताण जास्त एकसारखा येतो. हेड वारंवार उघडावं लागलं तरी ब्लॉकचे आटे वाचतात. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये हे फार मोलाचं.

कंपनीचे बरेच आधुनिक बोल्ट मुद्दाम यील्डपर्यंत ताणायचे असतात आणि एकदाच वापरायचे. ‘अजून चांगले दिसतायत’ म्हणून ते परत लावणं हे मुंबईतल्या अर्ध्या हेड-कामांचं दुखणं आहे.

धातू निवडताना:

रस्त्यावरच्या टर्बोसाठी ८७४० क्रोमोली पुरतं. त्याची ताण सोसण्याची ताकद सुमारे १९० ते २०० हजार पौंड प्रति चौरस इंच. एआरपी २००० नावाचा मिश्रधातू २२० च्या घरात जातो. बूस्ट खूप, किंवा व्यास वाढवता येत नाही, अशा वेळी तो घ्या. त्याहून वरचं एल१९, सुमारे २६०. आकडा बघून भुलू नका. एल१९ ला ओलावा चालत नाही. हाताचा घाम, गंज, हवेतला दमटपणा यांनी त्यात आतून सूक्ष्म भेगा पडतात आणि एके दिवशी कसलीही सूचना न देता स्टड तुटतो. जुलैतल्या मुंबईत उघड्या शेडमध्ये इंजिन बांधणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. तेवढी ताकद लागतेच म्हणत असाल, तर गंज न धरणारं कस्टम एज ६२५ प्लस बघा. किंमत ऐकली की पुष्कळदा गरजच मिटते.

लांबी तपासताना दोन्ही टोकं बघा. ब्लॉकमध्ये आटे किती अडकतात? बिडात व्यासाच्या दीडपट, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट धरा. म्हणजे १० मिमीच्या स्टडला १५ आणि २० मिमी. वरच्या टोकाला नट पूर्ण बसून एक-दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत, आणि स्टड कॅमला किंवा व्हॉल्व्हच्या झाकणाला लागता कामा नये. वॉशर कडक, घासलेला, स्टडच्या सेटमधलाच. हार्डवेअरच्या दुकानातला नव्हे.

नकली सेट बाजारात आहेत. डब्यावरची छपाई बघून ओळखू येत नाहीत. आटे बघा: रोल केलेल्या आट्याची कड गोलसर, चकचकीत असते, कापलेल्याची धारदार. दहाच्या दहा स्टडांची लांबी मोजा. त्यात फरक निघाला तर परत करा.

आता क्रमाचा मुद्दा. स्टडने ब्लॉक ओढला की बोअर किंचित वाकतात, आणि नेमकं कुठे व किती वाकतात ते स्टडच्या पकडीवर ठरतं. म्हणून चांगलं मशीनशॉप ब्लॉकवर हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट बसवून होनिंग (बोअरची शेवटची बारीक घासाई) करतं. ती प्लेट तुमच्याच स्टडांनी, तुमच्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला), त्याच प्रकारचं गॅस्केट मध्ये घालून आवळलेली हवी. जुन्या बोल्टांवर होन करून आणलं आणि नंतर स्टड घातले, तर बोअर अंडाकृती होतात आणि इंजिन तेल प्यायला लागतं. मग दोष रिंगांना दिला जातो.

टप्पा ६: फेसिंग

मशीनवाल्याकडे जाऊन ‘फेस मारून द्या’ एवढंच सांगितलंत तर तो ग्राफाइट पॅकिंगला चालेल असा फेस मारेल. त्याची चूक नाही, त्याचं निम्मं गिऱ्हाईक तेच मागतं. तुम्ही आकडा सांगा. एमएलएससाठी खडबडीतपणा ५० मायक्रोइंच आरए (सरासरी खडबडीतपणाचं माप), म्हणजे सुमारे १.२७ मायक्रॉन, याहून जास्त नको. ३० मायक्रोइंचाच्या आसपास, म्हणजे ०.७६ मायक्रॉन, मिळालं तर उत्तम. त्यासाठी बिडाला सीबीएन (अतिकठीण कृत्रिम पदार्थ) आणि ॲल्युमिनियमला हिऱ्याचं टूल, शेवटचा कट हलका आणि फीड सावकाश लागतो. खडबडीतपणा मोजायचं यंत्र त्यांच्याकडे आहे का, हे काम द्यायच्या आधी विचारा. नखाने खरवडून ‘एकदम मस्त झालंय’ म्हणणारा असेल तर पुढच्या दुकानात जा.

इशारा: ग्राइंडरला खरखरीत डिस्क लावून चेहरा ‘साफ’ करू देऊ नका, कोणालाही नाही. दोन बोअरच्या मधला अरुंद भाग खोलगट होतो. डिस्कमधले अपघर्षक कण तेलाच्या वाटांत शिरतात आणि शेवटी बेअरिंग खातात. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या खरवडणीने आणि सॉल्व्हंटने काढा. वेळ लागतो, लागू दे.

किती मिलिमीटर काढलं ते लिहून मागा, हेडचं आणि ब्लॉकचं वेगवेगळं. हेडची कंपनीने ठरवलेली किमान उंची राहिली का, तेही. फार काढलं तर कॅमचं टायमिंगही किंचित सरकतं.

पावसाळ्यात ताजा मशीन केलेला बिडाचा चेहरा एका रात्रीत तांबूस होतो. मशीनशॉपमध्येच तेल चोळा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, मगच टेम्पोत चढवा. पुलाखाली ताडपत्रीवर उतरवलेला ब्लॉक मी पाहिलाय. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मशीनवर गेला.

टप्पा ७: आता जाडी

ब्लॉक परत आला. क्रँक आणि पिस्टन तात्पुरते जोडून पिस्टन अगदी वर आणा आणि तो डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या चेहऱ्याच्या) किती खाली किंवा वर आहे, ते चारही सिलिंडरवर मोजा. हेडच्या चेंबरचं आकारमान काचेच्या ब्युरेटने सीसीत मोजा. हे दोन आकडे हातात नसतील तर जाडी ठरवणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

आपल्या उदाहरणात एका सिलिंडरचं स्वेप्ट आकारमान (पिस्टन खालून वर येताना व्यापतो ते) सुमारे ४४५ सीसी. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) ९.५ धरलं तर वरची शिल्लक जागा ५२.४ सीसी. गॅस्केटचा बोअर ८२ मिमी असेल, तर दाबल्यानंतर १.३ मिमी जाडीचं गॅस्केट त्यातले सुमारे ७ सीसी व्यापतं, १.८ मिमीचं ९.५. म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडी वाढवली की २.६ सीसी वाढले आणि कॉम्प्रेशन ९.५ वरून सुमारे ९.१ वर आलं. एवढंच.

ही खरी ग्यानबाची मेख. ‘जाड गॅस्केट घाला, कॉम्प्रेशन उतरेल, बूस्ट वाढवता येईल’ हा सल्ला सर्रास मिळतो. कॉम्प्रेशन उतरतं अगदी थोडं. पण ज्या इंजिनात पिस्टनचा सपाट भाग हेडच्या सपाट भागाजवळ येऊन मिश्रण मधोमध ढकलतो, तिथे ती फट वाढते. मिश्रणाची घुसळण कमी होते, ज्वाला सावकाश पसरते, आणि नॉकिंग टाळायला केलेला उपाय नॉकिंगलाच बोलावतो. कॉम्प्रेशन खरंच खाली आणायचं असेल तर पिस्टन बदला. गॅस्केटची जाडी ही फेसिंगमध्ये गेलेलं भरून काढण्यासाठी आणि पिस्टन-हेडमधली फट नीट ठेवण्यासाठी आहे. पोलादी कनेक्टिंग रॉडच्या पेट्रोल इंजिनात ही फट सहसा १ मिमीच्या खाली नेऊ नका.

जाडीच्या बाबतीत नेहमीच्या चुका:

- कॅटलॉगमधली जाडी दाबल्यानंतरची असते. हातात घेऊन व्हर्नियर लावलात तर उठावदार कड्यांमुळे जास्त दिसेल.
- इंच आणि मिलिमीटरची गल्लत. ०.०५१ इंच म्हणजे १.३ मिमी. ०.०४० वाचून ०.४ मिमी समजलेले लोक मला भेटलेत.
- दोन गॅस्केटं एकावर एक. अजिबात नाही.

गॅस्केटचा बोअर सिलिंडरच्या अंतिम बोअरपेक्षा साधारण अर्धा ते एक मिलिमीटर मोठा असावा. लहान असेल तर कडा जळणाऱ्या वायूत लाल होते आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. फार मोठा असेल तर दोन बोअरच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कडीला टेकायला जागा उरत नाही. गॅस्केट ब्लॉकवर ठेवून चारही बोअरमधून खाली बघा, मग हेडवर ठेवून बघा. पाणी-तेलाची भोकंही तेव्हाच जुळवून घ्या. काही भोकं मुद्दाम लहान केलेली असतात, पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचावं म्हणून. ती ड्रिलने मोठी करू नका.

टप्पा ८: जोडणी

इथली घाई आधीचं सगळं धुऊन टाकते.

१. ब्लॉकचे आटे आटे-सफाईच्या टॅपने साफ करा. कापणाऱ्या टॅपने नव्हे, तो धातू काढतो आणि आटे सैल होतात.

२. बंद तळाची भोकं कोरडी करा. ब्रेक क्लीनर, हवा, पुन्हा ब्रेक क्लीनर, कापडाच्या वातीने टिपून बघा. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका पावसाळ्यात ब्लॉक धुतला, वरून पुसला आणि स्टड घातले. मागच्या एका भोकात बोटभर पाणी-तेल राहिलं होतं. द्रव दबत नाही. नट आवळताना टॉर्क वाढेना, मी आणखी ओढलं आणि भोकाच्या बाजूने ब्लॉकला चीर गेली. तो आवाज अजून कानात आहे.

३. स्टड हाताने बसवा, फक्त बोटांच्या जोराने. दोन नट अडकवून पान्याने आवळायचे नाहीत. पाण्यात उघडणाऱ्या भोकांतल्या आट्यांना सीलंट. टप्पा ३ मधला नकाशा इथे कामाला येतो.

४. इंजिन गाडीतच असेल तर गॅस्केट ठेवण्याआधी हेड एकदा कोरडं चढवून बघा. लांब स्टडांवरून हेड वरून सरळच उतरावं लागतं, आणि पुष्कळ गाड्यांत बॉनेटखाली तेवढी उंची नसते. अशा वेळी हेड बसवून मग त्यातून स्टड खाली सोडावे लागतात.

५. दोन्ही चेहरे सॉल्व्हंटने पुसा. एमएलएसवर काहीही लावू नका. ना सिलिकॉन, ना ग्रीस, ना ‘खात्रीसाठी’ मारलेला तांब्याचा स्प्रे. उत्पादकाने सांगितलं असेल तेवढंच.

६. वरचे आटे, नटची खालची बाजू आणि वॉशरची वरची बाजू यांना स्टडसोबत आलेलं वंगण लावा. वॉशरची खालची बाजू कोरडी. पान्यावर दिलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच ताणात उतरतो, बाकी घर्षण खातं. म्हणून वंगण बदललं की सगळं गणित बदलतं. इंजिन ऑइल लावून तोच ताण आणायला जास्त टॉर्क लागतो. ज्या वंगणाचा आकडा, तेच वंगण.

७. मधून बाहेर, गोलाकार क्रमाने, तीन सारख्या टप्प्यांत आवळा. आकडा स्टड बनवणाऱ्याचा. कंपनीच्या पुस्तकातलं ‘इतका टॉर्क आणि वर ९० अंश’ हे बोल्टसाठी आहे, स्टडला लावू नका. फूट-पाउंड की न्यूटन-मीटर ते दोनदा वाचा: ८० फूट-पाउंड म्हणजे १०८ न्यूटन-मीटर. ८० न्यूटन-मीटरवर थांबलात तर पाव पकड गेली.

तपासणी: टॉर्क पाना शेवटचा कधी तपासून घेतला होता? गॅरेजमधला, खाली पडलेला, काम झाल्यावर स्प्रिंग सैल न केलेला पाना असेल तर तो नको. दुसऱ्या पान्याशी जुळवून बघा.

टप्पा ९: पहिला स्टार्ट आणि नंतर

सुरू करण्याआधी कूलिंग सिस्टिमला हातपंपाने रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाइतकी हवा भरा आणि अर्धा तास काटा बघत बसा. खाली आला तर गळती शोधा. कूलंट योग्य प्रमाणात, मिनरल काढलेल्या पाण्यात. हवा नीट काढा. हेडमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा नवं गॅस्केट पहिल्याच दिवशी भाजतो.

पंखा चालू होईपर्यंत इंजिन तापवा, बंद करा, रात्रभर थंड होऊ द्या. एमएलएसला पुन्हा आवळणं बहुधा लागत नाही, तरी स्टड आणि गॅस्केट दोन्ही बनवणाऱ्यांच्या सूचना वाचा. ग्राफाइट आणि तांब्याला लागतं. आवळायचंच असेल तर इंजिन पूर्ण थंड, त्याच क्रमाने, एकावेळी एकच नट.

बूस्ट लगेच देऊ नका. आधी वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगपुरता दाब, डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर), नॉक ऐकत. ट्यून ज्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर केलं, तेच नेहमी भरा. जास्त ऑक्टेनवर केलेलं ट्यून आणि टाकीत हायवेवरच्या कुठल्या तरी पंपावरचं कमी ऑक्टेनचं पेट्रोल, ही जोडी टप्पा १ मधलं कुरतडलेलं गॅस्केट पुन्हा हातात देते. रस्त्यावरची पहिली परीक्षा मात्र वेगाची नको. संध्याकाळी सहाला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रांगत जाणारी गाडी इंजिनाला जितकं तापवते, तितकं मोकळा रस्ता तापवत नाही. तिथे तापमानाचा काटा स्थिर राहिला की मग पुढचं.

साधारण ५०० किलोमीटरनंतर, सकाळी थंड इंजिनावर, चार गोष्टी बघा. कूलंटची पातळी खुणेवर आहे का. झाकण उघडण्याआधी वरचा होज पिळून बघा: रात्रभर थंड झालेला होज कडक लागला तर जळलेला वायू पाण्यात शिरतोय. रेडिएटरच्या तोंडावर वायू तपासायचं निळं द्रव धरा, ते पिवळं पडलं तर शंका उरत नाही. शेवटी लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजणं) करून चारही सिलिंडरचे आकडे पहिल्या दिवशीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदमच घसरलेले दिसले, तर गाडी चालवून घरी नेऊ नका, टो करून न्या.